लिस्बनमधली हुकूमशाहीची वॉकिंग टूर: पाचपैकी चार स्टार, एक गोव्यासाठी कापला

नवऱ्याची कॉन्फरन्स होती लिस्बनला, मी आपली शेपूट म्हणून गेले. तो दिवसभर हॉलमध्ये आणि मी मोकळी, तर पहिले दोन दिवस ट्राम, टॉवर, नाताची पेस्ट्री वगैरे सगळं करून झालं आणि तिसऱ्या दिवसासाठी मोबाईलवर शोधताना ही टूर दिसली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राजवटीवरची, पायी, तीन तासांची, इंग्रजीतून. कंपनीचं नाव देत नाही कारण खाली थोडी तक्रार आहे आणि अशा टूर तिथे चारपाच जणं घेतात, कुठलीही घेतलीत तरी रस्ता साधारण हाच असणार.

मला का घ्यावीशी वाटली ते आधी सांगते. माझं आजोळ बांद्याचं. बांदा म्हणजे सावंतवाडीच्या पुढे, पत्रादेवीची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. १९५५ च्या गोवामुक्तीच्या सत्याग्रहात आजोबा काही सत्याग्रही वगैरे नव्हते, ते दुकानात मापारी होते पण हद्दीकडे जाणाऱ्या लोकांना पाणी आणि पेज द्यायला जायचे, आणि त्या १५ ऑगस्टला गोळीबार झाला तेव्हा परत आलेल्यांना त्यांनी बघितलेलं. वीसेक माणसं मेली त्या दिवशी वेगवेगळ्या हद्दींवर. आजोबा पोर्तुगीज म्हणायचेच नाहीत कधी, पाखले म्हणायचे. "पाखल्याचो काय भरवसो नाय." आणि सालाझार हे नाव आमच्या घरात रावणासारखं घेतलं जायचं, एखादा पोरगा हट्टाला पेटला की "सालाझार झालो हा" म्हणायचे. तर त्या माणसाच्या गावात जाऊन त्याच्याबद्दल त्याचेच लोक काय सांगतात हे ऐकायचं होतं. एवढंच.

आता टूर. सकाळी दहाची वेळ होती, सुरू झाली दहा वीसला. जाहिरातीत जास्तीत जास्त आठ माणसं लिहिलेलं, आम्ही चौदा होतो. कानात घालायचं यंत्र दिलं ते माझं सतत खरखर करत होतं, शेवटी काढून टाकलं आणि बाईंच्या खांद्याला खांदा लावून चालले, ते उलट बरं झालं. गाईड बाई पासष्टीच्या, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या, पांढरे केस, पायात आपल्या बाटासारखे साधे बूट, आणि चढावर आमच्यातल्या तिशीच्या पोरांना मागे टाकत होत्या. एक गोष्ट खरंच सांगते, हिच्या जागी दुसरा कोणी पाठ केलेलं बोलणारा असता तर मी दोनच स्टार दिले असते.

सुरुवात लार्गो दो कार्मो नावाच्या चौकातून. छोटा चौक, झाडं, एका बाजूला १७५५ च्या भूकंपात छप्पर गेलेला मठ तसाच उघडा ठेवलाय. याच चौकात २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही संपली. सालाझार तोपर्यंत मेलेला, १९३२ ते १९६८ पंतप्रधान होता, मग खुर्चीवरून पडला, मग मेंदूला मार, मग मार्सेलू कायतानू नावाचा माणूस आला. यात एक गंमत आहे जी मला माहीत नव्हती. पडल्यावर त्याला पदावरून काढलं पण त्याला कोणी सांगितलंच नाही, मंत्री त्याच्याकडे येऊन कामकाजाचं बोलत राहिले आणि १९७० मध्ये तो मेला तो स्वतःला पंतप्रधान समजतच. आमच्यातला एक जर्मन हसला. बाई म्हणाल्या हसा, पण तुरुंग तेव्हाही भरलेलेच होते.

तर कायतानू या चौकातल्या पोलिसी छावणीत लपला आणि बाहेर सालगेरू माया नावाचा २९ वर्षांचा कॅप्टन सान्तारेंहून चिलखती गाड्या घेऊन आला, आणि लोक झाडांवर चढून बघत होते, आणि संध्याकाळी कायतानूने शरणागती पत्करली. सैनिकांच्या बंदुकीत लाल कार्नेशनची फुलं घातलेले फोटो आपण बघितलेत. ती फुलं कुठून आली तर एका रेस्टॉरंटमधून. त्या दिवशी त्या रेस्टॉरंटचा पहिला वाढदिवस होता, गिऱ्हाइकांना द्यायला फुलं आणलेली, पण बंड झालं म्हणून मालकाने दुकान उघडलंच नाही आणि कामगारांना म्हणाला फुलं घरी घेऊन जा. सेलेस्ते कायेरू नावाची तिथे काम करणारी बाई फुलं घेऊन निघाली, वाटेत एका सैनिकाने सिगारेट मागितली, ती हिच्याकडे नव्हती, मग हिने फूल दिलं. २०२४ च्या नोव्हेंबरात गेली ती. क्रांतीला तिच्या हातच्या फुलाचं नाव, आणि ती आयुष्यभर साधीच राहिली.

सालगेरू मायाची पुढची गोष्ट मात्र मला आजपर्यंत चावते आहे. त्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी सरकारकडे विशेष सेवेबद्दलची पेन्शन मागितली, ती मिळाली नाही. १९९२ मध्ये तो कॅन्सरने गेला, ४७ वर्षांचा होता. आणि त्याच वर्षी बातमी फुटली की "असाधारण आणि उल्लेखनीय सेवा" अशा नावाखाली पेन्शन दिली गेली ती पीदच्या दोन माजी इन्स्पेक्टरांना. पीद म्हणजे सालाझारची गुप्त पोलीस. माणसं उचलणारी, दिवसेंदिवस झोपू न देणारी, तासन्‌तास पुतळ्यासारखं उभं करणारी, ती. ज्याने हुकूमशाही पाडली त्याला नाही आणि जे हुकूमशाहीचे दात होते त्यांना हो. बाई हे सांगताना आवाज चढवत नव्हत्या, रेशनच्या रांगेतला हिशोब सांगावा तसं सांगत होत्या. जमिनीत मायाच्या नावाची एक गोल तबकडी बसवलीय, लोक त्यावरून आइस्क्रीम खात चालत जातात.

तिथून शियादूमधून खाली, दुकानं दुकानं, पाच मिनिटांत आंतोनियू मारिया कार्दोसू नावाच्या रस्त्यावर. इथे पीदचं मुख्यालय. म्हणजे होतं. आता लक्झरी फ्लॅट आहेत. मी खरंच दोनदा विचारलं, हीच बिल्डिंग का, तर हीच. सुंदर रंग, स्वच्छ खिडक्या, खाली पार्किंगचं दार आपोआप उघडतं आणि एक काळी गाडी बाहेर येते. भिंतीवर एक पाटी आहे. २५ एप्रिलला बाकी सगळीकडे क्रांती जवळजवळ बिनरक्ताची झाली पण इथे संध्याकाळी लोक जमले तेव्हा वरून पीदवाल्यांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या आणि चार जण मेले, त्यांची नावं त्या पाटीवर. नावं वाचायला फुटपाथवर थांबावं लागतं आणि फुटपाथ इतका अरुंद की तुम्ही थांबलात की मागचा माणूस पर्दाँ पर्दाँ करतो.

बाईंनी इथे एक वाक्य टाकलं जे मी लगेच फोनमध्ये लिहून ठेवलं. म्हणाल्या, या देशात तुरुंगांचं म्युझियम व्हायला म्हातारे कैदी रस्त्यावर उतरावे लागतात, फ्लॅट मात्र आपोआप होतात.

पेनीशचा किल्ला म्हणून लिस्बनच्या उत्तरेला समुद्रात घुसलेला किल्ला आहे, तिथे राजकीय कैदी ठेवायचे. १९६० च्या जानेवारीत कम्युनिस्ट पुढारी आल्वारू कुन्याल आणखी नऊ जणांबरोबर तिथून पळाला, ती तिकडची आपल्या आग्र्याहून सुटकेसारखी कथा आहे. तर २०१६ मध्ये सरकारने जुन्या ऐतिहासिक वास्तू खाजगी लोकांना हॉटेलं काढायला देण्याची योजना आणली आणि त्या यादीत पेनीशचा किल्ला घातला. समोर समुद्र, सर्फिंगवाले येतात, हॉटेल झकास चाललं असतं हो. पण माजी कैदी आणि त्यांची पोरंबाळं भडकली, ओरड झाली, किल्ला यादीतून काढला, मग राष्ट्रीय म्युझियम करायचं ठरलं आणि २७ एप्रिल २०२४ ला ते उघडलं, तिथले कैदी सुटले त्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी. आणि हे करणारं सरकार एकच बरं का, आधी हॉटेल म्हणणारं आणि नंतर म्युझियम म्हणणारं. मला यात वाईट वाटलं नाही उलट बरं वाटलं, निदान ओरडल्यावर ऐकू तरी आलं.

मधे पंधरा मिनिटांचा कॉफी ब्रेक. शाकाहारी लोकांसाठी: नाता खा आणि गप्प बसा, बाकी बहुतेक सगळ्यात हॅम आहे, चीज सँडविच मागितलं तरी हॅम निघतं. मी पर्समधली दशमी खाल्ली. त्या ब्रेकमध्ये बाईंनी जी गोष्ट सांगितली तिच्यासाठी टूरचे निम्मे पैसे वसूल. पोर्तुगालच्या स्वयंपाकघरात भांड्याच्या कडेचं सगळं निपटून काढायचा तो रबरी उलथना असतो ना, केकचं पीठ काढायला वापरतो तो, त्याला तिकडे "सालाझार" म्हणतात! कारण सालाझार अर्थमंत्री म्हणून आला आणि त्याने देशाच्या भांड्यात कोणासाठी थेंब ठेवला नाही. दुकानात जाऊन आजही लोक एक सालाझार द्या म्हणतात. पुलाचं नाव बदललं, १९६६ मध्ये सालाझार पूल म्हणून बांधलेला तो लाल झुलता पूल आता २५ एप्रिल पूल झाला, त्याच्या गावात सान्ता कोंबा दाँमध्ये त्याच्या पुतळ्याचं मुंडकं क्रांतीनंतर कापून नेलं, पण उलथन्याचं नाव काही कोणाला बदलता आलं नाही.

आणि हे सगळं एका बाजूला, दुसऱ्या बाजूला २००७ मध्ये तिथल्या सरकारी टीव्हीने "सर्वात महान पोर्तुगीज कोण" असा लोकांच्या मतांचा कार्यक्रम केला त्यात पहिला कोण आला? सालाझार. ४१ टक्के मतं. दुसरा तोच किल्ल्यातून पळालेला कुन्याल, १९ टक्के. वास्को द गामा वगैरे मागेच राहिले बिचारे. मी बाईंना विचारलं असं कसं, तर खांदे उडवून म्हणाल्या ज्यांनी फोन केले त्यांनी केले, आणि आमच्या पिढीने घरी काही सांगितलंच नाही, माझ्या वडिलांनी मरेपर्यंत राजकारण हा शब्द खिडकी लावल्याशिवाय काढला नाही. खिडकी लावल्याशिवाय! मी आपली माझ्या आजोबांचा विचार करत बसले, त्यांचं उलट होतं, ते खळ्यात बसून अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं बोलायचे.

आता तक्रार. तीन तासांच्या टूरमध्ये गोवा किती वेळा आला? एकदा. एक वाक्य. "१९६१ मध्ये भारताने गोवा घेतला आणि सालाझारला मोठा धक्का बसला." बस्स. पुढे अंगोला. मला मान्य आहे की अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ या त्यांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधली तेरा वर्षांची युद्धंच शेवटी त्या सैन्याला बंडापर्यंत घेऊन आली, त्याच्यापुढे गोवा लहान. पण मी १४ माणसांच्या पुढे हात वर केला आणि म्हटलं मी त्या हद्दीवरच्या गावातली आहे, घेतला म्हणजे काय, तिथेही हीच पीद होती, तिथलेही लोक तुरुंगात गेले, आमच्याकडचे नानासाहेब गोरे, मधु लिमये तिथे तुरुंगात होते, आणि एक जण तर तुमच्या इथे लिस्बनच्या बाजूला आणून ठेवलेला.

सगळे वळून बघायला लागले. मला थोडं लाजल्यासारखं झालं पण आता सुरू केलंच होतं. मोहन रानडे. मूळचे सांगलीचे, खरं नाव मनोहर आपटे, गोव्यात मराठी शाळेत मास्तर म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा, मग १९६० मध्ये पोर्तुगालला आणून काशियशच्या तुरुंगात. १९६१ ला गोवा सुटला पण रानडे सुटले नाहीत. गोवा भारतात आणि हा माणूस अजून सालाझारच्या कोठडीत, आणखी सात वर्षं! सुधीर फडके हात धुऊन मागे लागले, आपले गीतरामायणवाले बाबूजी, त्यांनी समिती काढली, पुलंसारखी माणसं बरोबर, आणि तामिळनाडूचे अण्णादुराई पोपना भेटले तेव्हा त्यांनीही रानड्यांची सुटका मागितली असं सांगतात. जानेवारी १९६९ मध्ये सुटले.

बाई थांबून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, मी शाळेत होते तेव्हा फळ्याच्या वर मधे क्रूस, एका बाजूला राष्ट्राध्यक्ष आणि एका बाजूला सालाझार असे फोटो असायचे आणि आम्ही गोवा, दमण, दीव अशी नावं पाठ म्हणायचो, गोवा जाऊन पाचसहा वर्षं झाली होती तरी. आमच्या नकाशात तो गेलाच नव्हता. आणि मग त्यांनी गोव्याच्या शेवटच्या गव्हर्नरची गोष्ट सांगितली जी टूरच्या स्क्रिप्टमध्ये नाही, आणि असायला हवी. व्हासालू इ सिल्वा त्याचं नाव. सालाझारने त्याला निरोप पाठवला, शरण यायचं नाही, आमचे सैनिक एकतर जिंकलेले किंवा मेलेले. हाताशी तीनेक हजार माणसं, समोर अख्खं भारतीय सैन्य. त्याने १९ डिसेंबरला शरणागतीवर सही केली आणि माणसं वाचवली. परत गेल्यावर त्याला सैन्यातून हाकलून दिलं. त्याची इज्जत परत मिळाली ती १९७४ नंतर, क्रांती झाल्यावर. आणि पोर्तुगालने गोवा भारताचा हे कागदावर मान्य केलं तेही १९७४ च्या ३१ डिसेंबरला. म्हणजे बघा, ज्या पहाटे त्यांची सुटका झाली त्याच पहाटेमुळे आमचंही खातं मिटलं, आणि टूरमध्ये एक वाक्य!

मी विचारलं मग तुम्ही हे सांगत का नाही. तर म्हणाल्या कंपनी तीन तास देते, आणि कोणी विचारत नाही. पुढे त्यांनीच मला विचारलं की तुमच्याकडच्या तुरुंगाचं काय झालं. मी म्हटलं आग्वादचं ना, २०१५ पर्यंत जेलच होतं, आता २०२१ पासून म्युझियम आहे. कसं आहे, म्हणाल्या. आणि मला आठवेना! मी गेलेय हो तिथे, दोन वर्षांपूर्वी, पोरांना घेऊन, समुद्राकडे तोंड करून फोटो काढले आणि कोठड्यांसमोरून "चला चला ऊन लागतंय" करत बाहेर आले. हे मी त्यांना सांगितलं नाही. छान आहे म्हटलं.

टूर संपते आल्जूबच्या दारात, कॅथेड्रलच्या अगदी बाजूला, २८ नंबरची ट्राम समोरून खडखडत जाते. इथे टूर आत जात नाही, तिकीट वेगळं आपलं आपण काढायचं, पण ते स्वस्त आहे आणि काढाच. जुना तुरुंग, नाव अरबीतून आलंय, कोरड्या विहिरीचा अर्थ. पीदने १९६५ पर्यंत वापरला, आणि २५ एप्रिल २०१५ ला म्युझियम झाला. आत एकांतवासाच्या कोठड्या उभ्या केल्यात, एक मीटर बाय दोन मीटरच्या, कैदी त्यांना ड्रॉवर म्हणायचे आणि गुरांचे गोठेही म्हणायचे. मी एकीत उभी राहिले. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागले, पूर्ण पसरवताच आले नाहीत. माझी उंची पाच फूट आहे. मोहन रानडे किती उंच होते मला माहीत नाही आणि ते इथे नव्हतेच, तरी डोक्यात तेच आलं. माजी कैद्यांच्या मुलाखतींचे व्हिडिओ आहेत, ते बसून ऐका, घाई करू नका. सोमवारी बंद असतं. वरती कॅफे आहे, तिथून टेजो नदी दिसते, कोठडी बघून आल्यावर एवढं पाणी बघून कसंतरीच होतं.

दुसऱ्या दिवशी मी काशियशला गेले. टूरमध्ये नाही हे, माझं माझं. काइश दो सोद्रेहून काश्काइशची लोकल पकडायची, नदीच्या कडेकडेने जाते, सुंदर प्रवास. स्टेशनवर उतरल्यावर समुद्राकडे एक छोटा किल्ला दिसतो, तो नाही तो, त्याला फसू नका, मी त्याचे चार फोटो काढून भावाला पाठवले आणि मग कळलं तो साव ब्रूनूचा किल्ला, वेगळाच. तुरुंग आतल्या बाजूला आहे आणि अजून तुरुंगच आहे, चालू, आत जायचा प्रश्नच नाही. त्यामुळे फार काही बघायला मिळत नाही, रिव्ह्यूत लिहावं असं काही नाही. समुद्राच्या कठड्यावर बसून उरलेली दशमी खाल्ली आणि परत आले.

तर कामाचं: बूट चांगले घाला, रस्ते गुळगुळीत दगडांचे आहेत आणि पाऊस पडला तर आपटणार. पाण्याची बाटली न्या. लहान पोरांना नेऊ नका, कंटाळतात. एप्रिलच्या २५ ला असाल तर टूर बिर घेऊच नका, सरळ लिबर्दादे ॲव्हेन्यूवर मोर्चा असतो तिथे जा. आणि सालाझार मी घेतला, हार्डवेअरच्या दुकानात मिळाला, निळ्या दांड्याचा, चक्क्याच्या फडक्याला चिकटलेलं सुद्धा निघतं त्याने.

अपडेट: बाईंचा मेल आला. म्हणतात पुढच्या टूरपासून गोव्याचा भाग चार मिनिटांचा करतायत, लार्गो दो कार्मोमध्येच, कंपनीला न विचारता. त्यासाठी रानड्यांचं नाव कसं म्हणायचं ते विचारलं होतं आणि स्वतः म्हणून बघितलेला व्हॉइस मेसेज जोडलेला. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा र घशातून येतो, त्यामुळे ते "ऱ्हानाद" झालंय. मी माझ्या आवाजात नीट म्हणून पाठवलं, तीन वेळा, हळू. नवीन वर्षानंतर कोणी लिस्बनला जाऊन ही टूर घेतलीत तर प्लीज सांगा आता कसं म्हणतात ते.